अळणी घास

तेचिमान
९ मार्च १९९१

प्रिय सुमिना,

तुझं पत्र काल पोचलं. पाकिटाच्या मागे 'प्रिन्स अमोआतेंग, अक्रा' असं वाचून पोस्टमन मला म्हणाला, "बाई, तुमच्या घरात राजपुत्र कधी जन्मला?" मी म्हटलं, जन्मला तेव्हा आम्ही त्याचं नाव उकिरडा ठेवलं होतं, आता मोठ्या शहराची हवा लागलीय. बिचारा हसून हसून सायकलवरून पडायचा बाकी राहिला.

तू मात्र तोंड वाकडं करू नकोस. सुमिना म्हणजे उकिरडा, त्या नावाची तुला लाज वाटते हे मला ठाऊक आहे. शाळेत पोरं नाक दाबून तुझ्या मागे फिरायची ते मी विसरलेली नाही. पण तुझ्या आधी आईची तीन बाळं गेली रे. तू झालास तेव्हा आजीनं तुला केळीच्या पानात गुंडाळून खरोखर उकिरड्यावर नेऊन ठेवलं, आणि आईनं वाटेनं जाणाऱ्या परक्या बाईसारखं तिथून तुला उचललं. कुणीतरी टाकून दिलेली घाण आहे, ही मी कशाला नेऊ, असं मरणाला वाटावं म्हणून. गालावरची ती चीर दिली तीही त्याचसाठी. आणि तू राहिलास. तेव्हा तू टीव्हीत जा नाहीतर राजवाड्यात, माझ्यासाठी तू सुमिनाच.

तू सांगितलंस तसंच आईला सांगितलंय: सुमिना एका फिटरकडे लागलाय, गाड्यांची इंजिनं खोलायला शिकतोय. केवढी खूश झाली! शेजारणीला बोलावून सांगितलं. टीव्हीच्या नाटकात तू वाया गेलेल्या पोराचं काम करणार हे मामांना कळलं, तर बादूमामा पुन्हा झाडाखाली सगळ्यांना गोळा करतील. गांजाच्या एका बिडीवरून त्यांनी तुला भर गावात उभं केलं आणि तू घर सोडलंस, तेवढं पुरे झालं. मी गप्प आहे. पण खोटं मला पेलत नाही, हे तुला माहीत असू दे.

पितरांच्या रविवारी मी घरी, आसुक्रोमला गेले होते. आईनं नेहमीसारखं कुस्करलेलं कोनफळ आणि उकडलेली अंडी केली, पितरांचं म्हणून बिनमिठाची. मला तू आठवलास. लहानपणी त्यातला एक घास चोरून खाल्लास आणि थू थू करत ओरडलास, "असलं अळणी खायला कोण परत येईल?" आईनं केवढी चापट मारली होती! "मीठ जिवंत माणसाचं. ते त्यांचं आहे, त्याला हात लावायचा नाही." आईला हे सांगितलं तर हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

आणि एक. मला दिवस गेलेत. तू मामा होणार आहेस, मामासारखा वाग.

तुझी ताई,
पोकुआ


माताहेको, अक्रा
२८ मार्च १९९१

ताई,

मी मामा! नाटकातल्या सगळ्या पोरांना सांगितलं. सेनयानं बसल्या जागी नाचून दाखवलं. मुलगा झाला तर त्याचं नाव उकिरडा ठेवायचं नाही, एवढी माझी अट.

आता माझं ऐक. नाटकाचं नाव ठरलं: 'आडवाट'. दोन तासांचं आहे, एका रविवारी संध्याकाळी सगळ्या देशाला दाखवणार. आमचे लार्टे सर म्हणजे अजब माणूस. त्यांना शिकलेली नटमंडळी नकोत. लॉरी अड्ड्यावरून, बाजारातून, जिथं तिथं आम्ही पडलेलो असायचो तिथून त्यांनी आम्हाला उचलून आणलं. म्हणतात, "तुम्हाला अभिनय करायची गरज नाही रे, फक्त कॅमेऱ्याकडे बघू नका." एका खोलीत आम्ही आठ जण झोपतो. जेवण वेळेवर मिळतं. गांजाला मी हात लावत नाही, तुझी शपथ. नाटकात लावतो, तो चहाचा चोथा असतो.

गोष्ट अशी की दोन मित्र घर सोडून शहरात येतात, चोऱ्या करायला लागतात, आणि त्यातला एक, प्रिन्स नावाचा (सरांना माझं नवं नाव आवडलं), लोकांच्या हातून मार खाऊन मरतो. त्याचं मोठं मयत दाखवायचंय, अगदी शवपेटी, रडणाऱ्या बाया, ढोल, सगळं. तो प्रिन्स सेनया करणार होता, मी त्याचा मित्र. पण परवा सेनयानं पेटी बघितली आणि सरळ सांगितलं, "मी यात निजणार नाही. आमच्यात असलं चालत नाही." सरांनी समजावलं, रागावले. तो चप्पल घालून निघून गेला. अजून आलेला नाही.

मग सरांनी माझ्याकडे बघितलं. ताई, प्रिन्सचं काम म्हणजे नाटकातलं सगळ्यात मोठं काम! तो मरतो तोवर सगळा वेळ तोच. रंगवाल्यानं माझ्या गालावरची चीर कसल्याशा मेणानं बुजवली आणि वर पावडर मारली. आरशात बघितलं तर मीच मला ओळखलं नाही. इतका गुळगुळीत, इतका चांगल्या घरचा दिसत होतो.

मी हो म्हणणार आहे. एकदा का ते टीव्हीवर लागलं की मग मी घरी येईन. मामा काय करतील तेव्हा? सगळा गाव दारात उभा असेल. आईला काही सांगू नकोस, मीच येऊन सांगीन.

तुझा,
प्रिन्स


तेचिमान
१० एप्रिल १९९१

सुमिना,

हो म्हणू नकोस.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मी मास्तरीण आहे, मुलांना विज्ञान शिकवते, भुताखेतांचं काही सांगणार नाही तुला. पण तुझ्या डोक्यात जरा तरी काही आहे का? ज्या पोराला आईनं उकिरड्याच्या नावाखाली लपवून जगवलं, तो स्वतः अंग धुऊन, गालावरची खूण बुजवून, राजपुत्राचं नाव लावून शवपेटीत जाऊन निजणार? सेनयाला कळलं ते तुला कळू नये?

लार्टे सरांना सांग, पेटीत बाहुला ठेवा. झाकण लावा. कोण बघतंय आत? माझं नाव सांग हवं तर. ताई आडवी आली म्हण, ताईला दिवस गेलेत म्हण.

मला उलट टपाली कळव की नाही म्हणालास. तोवर मला घास गोड लागणार नाही.

पोकुआ


माताहेको
२ मे १९९१

ताई,

तुझं पत्र आलं तेव्हा झालं होतं सगळं. रागावू नकोस. पूर्ण वाच.

काही झालं नाही मला. मी पेटीत निजलो, आत गरम होत होतं, नाकाला खाज सुटली होती आणि खाजवता येत नव्हती. सरांनी खऱ्या रडणाऱ्या बाया आणल्या होत्या, मयताला रडण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. त्या म्हणाल्या, आम्हाला खोटं रडता येत नाही, पोराचं नाव सांगा, आई कोण, गाव कुठलं. सर म्हणाले, सांग रे. मी सांगितलं. मग त्या सुरू झाल्या: आसुक्रोमच्या अफुआचं लेकरू, तीन भावंडांच्या मागून आलेलं, आता त्यांच्याच मागे निघालं. ताई, मी डोळे मिटून होतो, पण आतून पाणी यायला लागलं. सर ओरडले, मेलेला रडतोय, थांबा! सगळे हसले. मीही हसलो.

आजूबाजूची सगळी वस्ती बघायला लोटली होती. काही म्हाताऱ्या तर खरोखरच रडल्या, कुणाचं पोर, कुणाचं पोर करत.

आता एक गंमत सांगतो, तुला आवडेल. मयताचं पोस्टर करायचं होतं. आपल्याकडे भिंतीभिंतीवर असतात तसंच, वर फोटो आणि खाली सगळ्या घरच्यांची नावं. सर म्हणाले, खोटी नावं लिहिली की पोस्टर खोटं दिसतं, तू तुझ्या माणसांची दे. मी दिली! आई: अफुआ न्सिआ. कुळाचे प्रमुख: बादू. बहीण: पोकुआ, शिक्षिका, तेचिमान. आपल्या घरात कुणाचं नाव कधी छापून आलंय का? आईचं नाव एवढ्या ठळक अक्षरांत, खाली नक्षी. माझं नाव क्वाबेना प्रिन्स अमोआतेंग. सुमिना लिहिलं नाही. मयताच्या पोस्टरवर उकिरडा कसा दिसेल? एक प्रत तुझ्यासाठी जपून ठेवलीय. बाकीची माताहेकोच्या भिंतींवर चिकटवली होती, ती अजून तशीच आहेत. येता जाता माझ्याकडे बघतात.

आणि परवा काय झालं! बाजारात आपला अम्पोन्सा ड्रायव्हर दिसला, आसुक्रोमच्या लॉरीवरचा. त्यानंही मला बघितलं. हातातलं मक्याच्या केंकीचं पुडकं खाली पडलं त्याचं. "सुमिना?" म्हणून इतक्या हळू हाक मारली की मला कळेना, हा एवढा घाबरला कशाला. मला वाटलं, हा आता फिटर कुठाय, गॅरेज कुठाय विचारणार आणि मामांना जाऊन सांगणार. मी सटकन मासळीवाल्यांच्या गल्लीत घुसलो आणि पसार. मागे वळून बघितलं तर तो जिथल्या तिथं उभा. आपण सुटलो, ताई!

प्रिन्स


तेचिमान
१ जून १९९१

सुमिना,

हे पत्र उभ्या उभ्या वाचू नकोस. बस.

अम्पोन्सानं ते पोस्टर भिंतीवरून सोडवून आसुक्रोमला नेलं. माताहेकोत त्यानं आधी पोस्टर वाचलं होतं, आणि मग तू त्याला बाजारात दिसलास. हाक मारल्यावर नाहीसा झालास. आपल्याकडे काय म्हणतात ते तुला सांगायला नको. अवेळी गेलेल्याला पितर आत घेत नाहीत. मग तो लांबच्या गावात जाऊन राहतो, कामधंदा करतो, चारचौघांसारखा हिंडतो, आणि गावचं कुणी दिसलं की तिथून नाहीसा होतो. लहानपणी आजी त्या शिंप्याची गोष्ट सांगायची आणि तू माझ्या पांघरुणात शिरायचास. अम्पोन्सानं ती गोष्ट डोळ्यांनी बघितली असं तो शपथेवर सांगतोय. खोटारडा नाही रे तो. तूच पळालास.

निरोप आला तशी मी धावत गेले. आईला मी सगळं सांगितलं: नाटक आहे, टीव्हीचं आहे, सुमिना ठणठणीत आहे, त्याची पत्रं आहेत माझ्याकडे. आई शांतपणे ऐकत होती. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "तू फिटर म्हणाली होतीस."

मी म्हटलं, ते खोटं होतं. ती म्हणाली, "मग हेही."

कळतंय का तुला? आपल्यात मेल्याची बातमी आईला कुणी सरळ सांगतं का? आधी म्हणतात आजारी आहे, मग म्हणतात गावाला गेलाय, थोडं थोडं करून उतरवतात. आईनं असली खोटी दुसऱ्या बायकांना स्वतः सांगितलीत. आता मी जितकं ओरडून सांगते की तो जिवंत आहे, तितकी तिची खात्री पटते. माझीच कीव करते ती! "पोटुशी आहेस, जिवाला लावून घेऊ नकोस" म्हणाली. पत्रं दाखवली तर मामा म्हणाले, अक्षर कुणाचंही असू शकतं आणि खाली नावही प्रिन्स आहे, आमच्यात कोण प्रिन्स?

मामा स्वतः अक्राला जाऊन आले. माताहेकोत विचारलं, हा पोरगा कुठं असतो? तिथल्या एका म्हातारीनं सांगितलं, अरेरे, त्याला तर नेलं, आम्ही सगळे होतो, पेटी डोळ्यांनी बघितली, आम्हीही रडलो. तू तेव्हा कुठं होतास?

आता एकच उपाय दिसतोय मला. ते नाटक टीव्हीवर कधी लागणार? कोको खरेदीच्या वखारीत टीव्ही आहे. आईला, मामांना, सगळ्यांना मी समोर बसवीन. बघतील तू बोलतोस, हसतोस, म्हणजे विषयच मिटला. लवकर कळव.

पोकुआ


माताहेको
७ जुलै १९९१

ताई,

उशीर झाला, आम्ही केप कोस्टच्या बाजूला दुसऱ्या एका नाटकाच्या कामावर होतो. मामा आले तेव्हाही तिथंच असणार. येऊन तुझं पत्र वाचलं आणि पहिल्यांदा मला हसू आलं. मग नाही आलं.

'आडवाट' चार ऑगस्टला, रविवारी संध्याकाळी लागणार. नक्की. तू म्हणतेस तसंच कर. आईला पुढच्या बाकावर बसव. आत्ताच्या आत्ता निघून यावं असं रोज वाटतं, पण सर म्हणतात, हातातलं काम सोडून गेलास तर परत येऊ नकोस. आणि खरं सांगू? मला चोरासारखं शिरायचं नाही त्या गावात. एकदा तिथून मान खाली घालून निघालो. आधी त्यांना मला बघू दे, मग येतो.

इथंही जरा विचित्रच चाललंय. कोपऱ्यावरची केंकीवाली माझ्या हातातून काही घेत नाही. म्हणते, तिथं ठेव. ती त्या दिवशी मयताला रडली होती. तिला माहीत आहे की ते नाटक होतं, हसते पण. तरी म्हणते, "तुझं सगळं केलं रे आम्ही. आता तू समोर आलास की मला कसंतरीच होतं." सरांना सांगितलं तर ते मांडीवर थाप मारून म्हणाले, वा, म्हणजे काम जमलं!

सेनया भेटला. ओळख दाखवली, पण लांबूनच.

आईची तब्येत बरी आहे ना? तू त्याबद्दल काही लिहिलं नाहीस.

क्वाबेना


तेचिमान
६ ऑगस्ट १९९१

सुमिना, माझ्या बाळा,

तू आसुक्रोमला जाऊ नकोस. हे आधी वाच आणि मगच पुढचं.

रविवारी मी सगळ्यांना वखारीत बसवलं. मीच बसवलं, ओढून ओढून. आई पुढच्या बाकावर, तू म्हणालास तशी. सुरू झालं. तू पडद्यावर आलास आणि माझ्या छातीत केवढं भरून आलं! मी आईचा हात दाबला, बघ, बघ, कसा चालतोय, कसा बोलतोय. आई टक लावून बघत होती. गालावरची चीर नव्हती. शहरातल्या गर्दीत हिंडणारा, दुसरंच नाव लावणारा, गुळगुळीत गालाचा सुमिना. मला वाटलं, आता तिला पटेल. आणि मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "असेच राहतात ते, दुसऱ्या गावात."

मग ते मारहाणीचं आलं. मग पेटी. आणि त्या बाया तिचंच नाव घेऊन रडायला लागल्या. आसुक्रोमच्या अफुआचं लेकरू. अरे देवा! त्या तिचं नाव घेऊन रडल्या हे तू मला लिहिलं होतंस, आणि माझ्या डोक्यातून गेलं कसं? सगळी वखार उठून उभी राहिली. बायकांनी हंबरडा फोडला. मी ओरडत होते, नाटक आहे, नाटक आहे, आणि दोघी जणी मला धरून बाहेर नेत होत्या, पोटुशीनं हे बघू नये म्हणून.

आई रडली नाही. घरी येऊन तिनं डोकं भादरून घेतलं. मला म्हणाली, "मी त्याला लपवून ठेवलं होतं गं. तोच बाहेर येऊन उभा राहिला. तू मला दाखवलंस, बरं केलंस. आता माझी वाट बघणं संपलं."

काल सकाळी मामांनी सगळ्या कुळासमोर दारू ओतून पितरांना तुझं नाव सांगितलं. तुझं खरं नाव, सुमिना. हा येतोय, याला आत घ्या, बाहेर भटकू देऊ नका. मी त्यांचे पाय धरले. मामांना माझा राग आला नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटली. ते म्हणाले, "पोरी, नाव दिलं गेलंय. ते वाट बघत बसलेत. तो इकडे आलाच, तर त्याला नीट पोचवायला हवं, नाहीतर तो एकटा जायचा नाही." आणि माझ्या पोटाकडे बघितलं.

म्हणून सांगते, आसुक्रोमला पाऊल टाकू नकोस. माझ्याकडे ये, तेचिमानला. इथल्या पाद्र्याला, माझ्या नवऱ्याला, पोलीस ठाण्यातल्या एखाद्या माणसाला बरोबर घेऊ आणि दिवसाढवळ्या सगळे मिळून जाऊ. एकटा तू गेलास तर त्यांना एकच गोष्ट दिसेल. तिथून परत आल्यावर डॉक्टरांनी मला लॉरीत बसायला बंदी केलीय, नाहीतर मीच आले असते तुला न्यायला.

टीव्हीवर फार छान काम केलंस. हे तुला सांगायला हवं असं वाटलं.

तुझी ताई


आसुक्रोम
११ ऑगस्ट १९९१

ताई,

तुझं काही पत्र आलं असेल तर ते मला मिळालं नाही. सोमवारी सकाळी अक्राच्या रस्त्यावर लोक मला थांबवून हात मिळवत होते, प्रिन्स, प्रिन्स करत होते. मला वाटलं, आता आसुक्रोमलाही असंच असेल. सरांना सांगून टाकलं, मी चाललो. नवा शर्ट घेतला. आईसाठी कापड घेतलं, निळं, तिला आवडतं तसं. शुक्रवारी निघालो, पण कुमासीला लॉरी बिघडून पडली म्हणून यायला काल दुपार झाली.

गावात शिरलो तर कुणीच बोलेना. मला वाटलं, लाजतायत. पोरं खेळत होती ती घरात पळाली. दारं लागली. अम्पोन्साची लॉरी उभी होती, त्यानं मला बघितलं आणि काचा वर केल्या. मी हात हलवत चाललो होतो, ताई. नव्या शर्टात.

आई अंगणात होती. डोकं भादरलेलं, अंगावर काळं. मला वाटलं, मला तर टीव्हीवर बघितलंय, मग कोण गेलं? मी धावलो. ती उठून उभी राहिली आणि मागे सरली नाही. माझ्याजवळ आली. माझ्या गालावरच्या चिरेवरून बोट फिरवलं, इकडून तिकडे, दोनदा. मी म्हटलं, आई, मी आहे, सुमिना. ती म्हणाली, "तूच आहेस. खूण दिली होती तरी गेलास."

मी किती बोललो! नाटक, सर, पेटी, मेण, पावडर. पोस्टरवर तुझं नाव मीच दिलं, तुला आवडेल म्हणून. ती मान हलवत होती, आजारी माणसाची बडबड ऐकतात तसं. मग हळूच म्हणाली, "दमला असशील. लांबून आलास. पण पोकुआचं मूल तेवढं सोड हं. तिला नेऊ नकोस. तिचं पहिलंच आहे."

तेव्हा मला कळलं.

मामा आले, चार जण आले. कुणी हात लावला नाही, कुणी आवाज चढवला नाही. मामा माझ्याशी इतकं गोड आयुष्यात बोलले नव्हते. मागच्या खोलीत बसवलंय मला, दाराशी माणूस आहे. परवा सकाळी पितरांच्या राईपर्यंत मला पोचवायला सगळे येणार आहेत. "आम्ही बरोबर आहोत, घाबरू नकोस, वाट चुकणार नाहीस," असं मामा म्हणाले. मी ओरडलो, मला चिमटा काढा, रक्त काढून बघा. ते एकमेकांकडे बघून म्हणाले, सगळेच सुरुवातीला असं म्हणतात.

हे पत्र बुकारीच्या हाती देतोय. मामांच्या बागेत नवा लागलेला उत्तरेकडचा मजूर आहे, तो मला आधी ओळखत नव्हता म्हणून घाबरत नाही. दाराशी आत्ता तोच बसलाय. त्याला सांगून बघितलं, मला सोड. तो म्हणाला, हा तुमच्या घरचा मामला आहे, मी परका. पण पत्र नेईन म्हणाला. उद्या पहाटेच्या लॉरीनं तो तेचिमानला जातोय. पोटुशी आहेस, तरी लॉरीत बसायला जमत असेल तर लगेच ये. एकटी येऊ नकोस.

एक सांगायचं राहिलं. आईनं मला जेवायला आणलं. स्वतः केलं होतं, कुस्करलेलं कोनफळ आणि अंडी. दारातून आत ठेवलं आणि पाठ करून बसली. मला भूक लागली होती. पहिला घास घेतला आणि म्हटलं, आई, मीठ विसरलीस. तिचे खांदे हलत होते.

मी सगळं खाल्लं, ताई. तिनं केलं होतं ना. ताट पुसून खाल्लं.

लवकर ये, आणि येताना मीठ आण. तिच्यासमोर माझ्या ताटात घाल. तिच्यासमोर.

तुझा,
सुमिना